जंगल तोडून ॲमेझॉन श्रीमंत झालं का?

मुद्दल:
लाकूड विकलं की पैसा जीडीपीत जमा. झाडं संपली याची वजावट कुठेच नाही. घरात मुद्दल मोडून खाल्लं तर त्याला आपण कमाई म्हणत नाही, देशाच्या हिशेबात मात्र बिनदिक्कत म्हणतो. ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये २००४ या एका वर्षात २७,००० चौरस किलोमीटरहून जास्त जंगल गेलं. तोडलेल्या जमिनीचा बराचसा भाग गुरांच्या कुरणात गेला, तोही हेक्टरी जेमतेम एखादं जनावर. एवढ्यासाठी?

रोखठोक:
युरोपने स्वतःची जंगलं केव्हाच तोडून खाल्ली. आता गरिबाने कुऱ्हाड उचलली की पर्यावरण आठवतं. ऑक्सिजन विकून पोराच्या शाळेची फी भरता येत नाही.

मुद्दल:
ऑक्सिजन सोडा, पावसाचं बोला. झाडं मुळांनी ओढलेलं पाणी हवेत सोडतात, वारा ती वाफ दक्षिणेकडे नेतो. 'उडत्या नद्या' म्हणतात तिला. ब्राझीलच्या माटो ग्रोसो राज्यात सोयाबीन काढून त्याच रानात लगेच मका पेरतात. पहिला पाऊस लांबला की सोयाबीन लांबतं आणि मका कोरड्यात सापडतो. म्हणजे जंगल तोडणारा एक, मका गमावणारा दुसराच. विजेचंही तेच. ॲमेझॉनच्या शिंगू नदीवरच्या बेलो मॉन्टे या जलविद्युत धरणाची क्षमता ११,००० मेगावॉटच्या वर, पण कोरड्या महिन्यांत त्यातली थोडीच वीज हाती लागते.

रोखठोक:
शिंगू आधीही आटायचीच. सगळं खापर तोडीवर नको.

मुद्दल:
हे मान्य. पण आधीच आटणाऱ्या नदीचा पाऊस आणखी कमी करायचा, हा कुठला धंदा?

पाणकळा:
दोघांनीही एक गोष्ट सोडली. २०१२ पर्यंत वर्षाची तोड ४,६०० चौरस किलोमीटरच्या आसपास आली आणि त्याच काळात सोयाबीन वाढलंच. २००६ मध्ये बड्या व्यापाऱ्यांनी ॲमेझॉनमधल्या नव्याने तोडलेल्या जमिनीवरचा माल घ्यायचा नाही असं ठरवलं, उपग्रहातून नजरही होती. म्हणजे पिकासाठी तोड लागतेच असं नाही.

रोखठोक:
इथेच घोडं पेंड खातं. कायद्याने तिथल्या मालकाला ८० टक्के जमीन जंगलाखाली ठेवावी लागते. पाऊस सगळ्यांचा, जमीन मात्र त्याची अडकली. त्याला भरपाई कोण देणार?

पाणकळा:
कोस्टा रिका १९९७ पासून देतोय. इंधनावरच्या करातून.

रोखठोक:
इवलासा देश तो. ब्राझीलमध्ये २०१८ ला डिझेल महागलं म्हणून ट्रकवाल्यांनी महामार्ग अडवले होते. त्याच डिझेलवर जंगलासाठी कर लावणारा मंत्री दाखवा, मी मत बदलतो.