एकांकिकेच्या लाइटमधून पुढे काम मिळतं का?

परभणीची_विंगेतली
बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकांचे लाइट मी बघते, युवक महोत्सवातही तेच. पदवीनंतर याच कामात राहायचं आहे. घरचे म्हणतात, छंद वेगळा नि पोट वेगळं. बायोडाटात प्रमाणपत्रांशिवाय काय दाखवू? कुणाकडे जाऊ?

प्रकाशयोजक_संभाजीनगर
प्रमाणपत्रावरून तू तिथे होतीस एवढंच कळतं, काम कळत नाही. एकाच एकांकिकेची फाइल कर, पण नीट. रंगमंचाचा वरून काढलेला नकाशा, प्रत्येक लाइटची जागा, नंबर, जिलेटिनचा (लाइटपुढे लावायच्या रंगीत फिल्मचा) रंग. मग क्यू शीट: कोणत्या वाक्यावर कोणता बदल, किती सेकंदांत. आणि लोडचा, म्हणजे कोणत्या सॉकेटवर किती वीज ओढली जाते त्याचा, हिशेब. हा शेवटचा कागद कॉलेजची पोरं बहुधा करतच नाहीत, आणि कंत्राटदार आधी तोच बघतो.

१००० वॅटचा पार (डब्यासारखा स्टेज लाइट) २३० व्होल्टला साधारण ४.३ अँपिअर ओढतो. १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीनच लावायचे. चौथा लावला तर एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप बंद होणारा स्विच) कदाचित पडणारही नाही, पण सॉकेट तापत राहतं. पाचव्यावर काही वेळ चालतं आणि ऐन प्रसंगात अंधार होतो. सहा पार असतील तर तीन फेजवर (पुरवठ्याच्या तीन वेगळ्या लाइनींवर) दोन-दोन वाटायचे, आणि कोणता कुठे ते कागदावर लिहायचं.

एलईडी असतील तर डीएमएक्सचे (कन्सोलवरून केबलने लाइटला हुकूम देणाऱ्या पद्धतीचे) पत्तेही लिही, म्हणजे प्रत्येक लाइटचा पहिला चॅनल: ८ चॅनलच्या लाइटला १, ९, १७, २५. लाइट उगाच लुकलुकत असतील तर बहुतेक वेळा डीएमएक्सच्या केबलऐवजी माइकची केबल जोडलेली असते, नाहीतर शेवटच्या लाइटला टर्मिनेटर (सिग्नल परत फिरू न देणारा प्लग) नसतो. एक्सएलआरच्या (या केबलच्या गोल प्लगच्या) २ आणि ३ नंबरच्या पिनमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर टाकला की तो तयार.

लक्समीटर
ताई, फिजिक्स आहे तर फक्त नाटकाकडे बघू नका. वाळूज, शेंद्र्यासारख्या एमआयडीसीत शेडच्या प्रकाशाचं मोजमाप आणि आराखडा लागतो. डायलक्स हे प्रकाशाचा आराखडा करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कॉलेजच्या वाचनालयाचा आराखडा त्यात करा, मग लक्स मीटरने (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) टेबलाच्या उंचीवर दर दोन मीटरला मोजा. वाचायला साधारण ३०० लक्स लागतात. मोजलेले आकडे कमी आले तर आधी दिव्यांवरची धूळ आणि भिंतीचा रंग तपासा, आराखडा त्यानंतर. मोबाइलच्या अ‍ॅपवर विसंबू नका, प्रत्येक फोनचा सेन्सर वेगळं दाखवतो. आराखडा आणि मोजमाप शेजारी-शेजारी ठेवलेलं एक पान मुलाखतीत फार कामी येतं.

नांदेडचा_मंडप
वरचं दोन्ही बरोबर, पण आवड तपासायची असेल तर शोमध्ये नाही, पॅकअपमध्ये तपास. गणपती, नवरात्र आणि पुढची लग्नसराई, एवढा एक सीझन लाइटवाल्याकडे रोजावर काम कर. रात्री केबल गुंडाळणं, ट्रस (लाइट टांगायचा धातूचा सांगाडा) उतरवणं, सकाळी दुसऱ्या गावी तेच. हे जमलं आणि आवडलं, तर बाकीचं शिकता येतं. पावसाळ्याचे सुरुवातीचे महिने कोरडे जातात. घरच्यांसमोर एका दिवसाचा रोज गुणिले सीझनचे दिवस मांडून बारा महिन्यांनी भाग दे, मगच बोलणं पुढे जाईल.

वायरिंगचा परवाना बी.एस्सी.वर मिळत नाही. मुख्य पुरवठ्याची जोडणी परवानाधारकालाच करू दे.

नाटकच करायचं ठरलं तर संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. फाइल घेऊनच जा. आणि काम घेण्याआधी रात्रीच्या परतीच्या गाडीचं मालकाशी स्पष्ट बोलून घे, रोजाइतकंच तेही ठरवायचं असतं.