छताला कोव्हिंग स्वतः बसवायचंय, पहिल्यांदाच (लेस्टर, १९३०च्या दशकातलं घर)

इंद्रधनू:
नमस्कार मंडळी. लेस्टरमध्ये आमचं १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे. पुढच्या खोलीत भिंत आणि छत मिळतं तिथे चहूबाजूंनी बारीक भेग आहे. दरवर्षी फिलर भरतो, हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की परत उघडते. म्हणून तिथे कोव्हिंग, म्हणजे भिंत आणि छताच्या कोपऱ्यात बसणारी वक्र पट्टी, लावायचं ठरवलंय. खोली ४.२ बाय ३.६ मीटर, एका भिंतीवर मधोमध चिमणी-ब्रेस्ट, म्हणजे धुराड्याचा भिंतीतून ३५ सेंटिमीटर पुढे आलेला भाग.

काम करणार नवरा आणि मी. करवत, ड्रिल चालवता येतं, प्लास्टरचं काम कधी केलेलं नाही. थर्माकोलचं घ्यावं की जिप्समचं? आणि कोपऱ्यांचे तुकडे कापायचे कसे? व्हिडिओ पाहिले की समजल्यासारखं वाटतं, पण हातात तुकडा घेतला की कुठली बाजू वर तेच कळेनासं होतं. मागच्या खोलीच्या छतावर गोल नक्षीचं आर्टेक्स (खडबडीत नक्षीचा जाड लेप) आहे, तिथेही नंतर करू म्हणतोय. दिवाळीला सासू-सासरे येतायत, तोवर निदान पुढची खोली व्हावी.

रंधा:
ताई, आधी मागच्या खोलीचं. त्या आर्टेक्सला हात लावू नका. खरवडणं नको, पॉलिश पेपर नको, खिळाही नको. ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ साली. त्याआधीच्या आर्टेक्समध्ये ते असू शकतं, त्याची धूळ श्वासातून जाणं घातक, आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. यूकेएएसची (तिकडची लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबकडून नमुना तपासून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत ती खोली विसरा.

पुढच्या खोलीत जिप्समचंच लावा. थर्माकोलचं हलकं असतं, पटकन चिकटतं, पण बोट दाबलं तरी खड्डा पडतो आणि सॉल्व्हंटवाला गोंद किंवा रंग लागला तर चक्क विरघळतं. जुन्या घराला जिप्समची ती स्वच्छ वक्र रेषा फार शोभते, एवढी मेहनत करणारच आहात तर ती घ्याच.

माल किती लागेल? खोलीचा घेर १५.६ मीटर, चिमणीच्या दोन बाजूंचे ७० सेंटिमीटर, म्हणजे १६.३. तीन मीटरच्या सहा पट्ट्यांत हिशेब बसतो, पण सात घ्या. सातवी कोपरे कापायचा सराव करायला.

आता कोपरे. तुमच्या खोलीत आत जाणारे सहा आणि बाहेर येणारे दोन आहेत, ते दोन्ही चिमणीवर. एवढंच डोक्यात ठेवा: आतल्या कोपऱ्यात भिंतीकडची कड लांब, बाहेरच्या कोपऱ्यात छताकडची कड लांब. कापण्याआधी तुकडा जागेवर धरून बघा, कुठली कड कोपऱ्यापर्यंत पोचायला हवी ते दिसतंच. मग पेन्सिलीने तुकड्याच्या मागे "छत" आणि "भिंत" असं लिहून ठेवा. माइटर बॉक्समध्ये (४५ अंशांत कापायला खाचा असलेली पेटी) तुकडा उलटा ठेवायचा: छताकडची कड तळावर, भिंतीकडची उभ्या बाजूला. बारीक दातांची करवत, आणि कापायचं दर्शनी बाजूकडून, म्हणजे पट्टीवरच्या कागदाचे धागे मागच्या बाजूला निघतात.

सुरुवात चिमणीपासून करा. खोलीत शिरल्यावर नजर तिथेच जाते, आणि बाहेरचे कोपरे आधी नीट जुळले की उरलेल्या लांबीत थोडं इकडेतिकडे करता येतं. पट्टीचे सरळ सांधे खिडकीच्या भिंतीवर टाका. उजेड समोरून येतो, त्यामुळे ते कमी दिसतात.

पीओपीवाला_नाशिक:
ताई, मी नाशिकला पीओपीची कामं घेतो. तिकडचा माल वेगळा असेल, पण पावडरचा गोंद जिप्समचा असेल तर धर्म तोच. बादलीत आधी पाणी, मग पावडर भुरभुरत सोडायची. पावडरवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात. घट्ट व्हायला लागला की वरून पाणी घालून पातळ करायचा मोह होतो, तो टाळा. त्या गोंदाची पकड गेलेली असते, टाकून द्या आणि थोडाथोडाच कालवा. दर वेळी बादली आणि थापी खरवडून धुवा. जुना वाळलेला कण राहिला तर नवा घाणा त्याच्यामुळे लवकर आवळतो. माझ्याकडे नवा पोरगा आला की पहिला आठवडा फक्त बादल्या धुतो, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं.

एक सांगा, भिंतीवर वॉलपेपर आहे का? असेल तर तेवढी पट्टी सोलून काढा. नाहीतर गोंद कागदाला धरेल, भिंतीला नाही.

उंबरठा:
रंधा यांनी सगळं बरोबर सांगितलंय, एक भर घालतो. जुन्या घरातला कोपरा नेमका ९० अंशांचा असेल असं धरू नका. कोव्हिंगचा छोटा तुकडा एका भिंतीला धरून छतावर कडेची रेघ मारा, कोपऱ्याच्या पुढेपर्यंत. मग दुसऱ्या भिंतीलाही तसंच. दोन रेघा जिथे छेदतात, तिथे छताकडच्या कडेचं टोक यायला हवं. बॉक्सचा ४५चा कोन तिथे जुळला नाही तर त्या खुणेप्रमाणे कापा.

इंद्रधनू:
सगळ्यांचे मनापासून आभार! "छत" आणि "भिंत" लिहून बघितलं आणि सरावाचा पहिलाच आतला कोपरा जुळला. पीओपीवाले दादा, वॉलपेपर नाही, भिंतीला साधा इमल्शन आहे. पण छत ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं पांढरं झालं, खडूसारखं. हे काय?

रंधा:
ते जुनं डिस्टेंपर. बरं झालं आत्ताच कळलं. त्यावर कोव्हिंग चिकटवलं असतंत तर डिस्टेंपरच्या थरासकट खाली आलं असतं. कोमट पाणी आणि स्पंज घेऊन, फडकं स्वच्छ निघेपर्यंत धुवा. कडेने पट्टी धुतलीत तर गोंदापुरतं काम होईल, पण पुढे छत रंगवणार असाल तर आत्ताच सगळं धुवून घ्या, नवा रंगही त्याच्यावर टिकत नाही. पूर्ण वाळू द्या. भिंतीवरच्या इमल्शनला कोव्हिंग बसेल त्या पट्टीत सुरीने आडव्या-उभ्या चिरा पाडा.

लावताना कोव्हिंगची खालची कड येते तिथे भिंतीवर रेघ मारा, तिच्यालगत बारीक खिळे अर्धवट ठोका, पट्टी त्यांवर टेकते. गोंद आवळला की खिळे काढून भोकं बुजवा. लांब पट्टीला दोन टोकांना दोन माणसं हवीतच, आणि दोघांनाही वेगळी शिडी. सांध्यातून बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या ब्रशने पुसा. वाळल्यावर तो घासत बसणं जिवावर येतं. शेवटी कडेला अॅक्रिलिक कॉक (फटी बुजवायची पेस्ट) भरा, सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही.