एटीएमचे थर शिकवायचे की पुस्तकातून काढायचे?

सुदामानगरकर: काल इथं एकानं लिहिलं, "एटीएम नेटवर्क मेलं, पोरांकडून ५३ बाइटचा सेल घोकून घेणं बंद करा." मेलं, मान्य. पण काढण्याआधी समजून तरी घ्या! हे एटीएम पैशांचं मशीन नव्हे, डेटाचे सारख्या आकाराचे छोटे तुकडे, म्हणजे सेल, करून पाठवायची नेटवर्कची पद्धत. ५ बाइट हेडर (पत्त्याचा भाग), ४८ बाइट माल, आकार ठरलेला. स्विचनं हेडरमधले व्हीपीआय-व्हीसीआय, म्हणजे वाटेचे आकडे, बघायचे, तक्त्यातले नवे आकडे चढवायचे, पुढे ढकलायचं. पॅकेटचे तुकडे करणं-जोडणं वरच्या एएएल थराचं काम, तारेवर चढवणं खालच्या फिजिकल थराचं. मधल्या एटीएम थराला आत आवाज आहे की फाइल, काही घेणंदेणं नाही.

राजवाडा७०: भिया, १५०० बाइटचं पॅकेट एएएल-५ मधून (त्याच एएएल थराचा डेटासाठीचा प्रकार) काढा. शेवटी जोडायचा ८ बाइटचा ट्रेलर धरून ३२ सेल, म्हणजे १६९६ बाइट. त्यातला एक सेल गळला की अख्खं पॅकेट कचऱ्यात. अख्खं पॅकेट पाठवणारं इथरनेट उगाच नाही जिंकलं.

सुदामानगरकर: आणि सेकंदाला २ मेगाबिटच्या लाइनवर तेच पॅकेट अखंड पाठवलं की ६ मिलिसेकंद वाट अडवतं, तेव्हा मागचा फोनवरचा आवाज काय करणार? सेल पाव मिलिसेकंदाच्या आत निघून जातो. ४८ हा आकडा मात्र निव्वळ तह. अमेरिकेला ६४ हवे होते, युरोपला ३२.

सराफ्याची_भूक: सिद्धांत ठेवा बाजूला. आमच्या ब्रॉडबँड मॉडेमवर डीएसएलचा (फोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटचा) दिवा हिरवागार, नेट ठप्प. लाइनमन आठवडाभर खांबावर चढून राहिला, "लाइन में फॉल्ट है". शेवटी भाच्यानं सेटिंग उघडलं, व्हीसीआय ३५ च्या जागी ३२!

लाइनमनचा_मुलगा: लाइनमनला नावं ठेवू नका. माझे वडील भर पावसात खांबावर चढायचे. त्यांना व्हीसीआय कुणी शिकवलं होतं?

सराफ्याची_भूक: नावं कोण ठेवतंय? तेच तर म्हणतोय, शिकवायला हवं होतं.

राजवाडा७०: हे कस्टमर केअर आहे का? एका मॉडेमवरून अभ्यासक्रम ठरवायचा!

सुदामानगरकर: दिवा हिरवा म्हणजे फिजिकल थर ठीक, बिघाड वरच्या थरात. थर माहीत असते तर खांबावर कोण चढलं असतं?

लाइनमनचा_मुलगा: वडिलांना ऑफिसातून हुकूम यायचा, "खांब बघा". एसीत बसून थर मोजणं सोपं असतं.

राजवाडा७०: बरं बाबा, दिला एक तास, खांबाच्या नावानं. एबीआर-यूबीआर हे एटीएमचे सेवाप्रकार गाळा. आणि एमपीएलएसमध्ये (पॅकेटला लेबल लावून वाट दाखवायची पद्धत) लेबल बदलतं ते तुमच्या व्हीपीआय-व्हीसीआयच्याच चालीनं, तेवढं त्याच तासात उरका. दुसरा मिळणार नाही.