सेंट निकोलसचा बूट नि कोल्हापुरी चप्पल: लहान पोरांबरोबर संतांचे दिवस कसे करता? अनुभव सांगा

शाहूपुरीतली आई

नोव्हेंबर सरत आला की आमच्याकडं एकच विषय, बूट कधी ठेवायचा. नवऱ्याच्या नोकरीमुळं दोन वर्षं जर्मनीत होतो, तिथल्या बालवाडीत मोठीला हे लागलं. ५ डिसेंबरला संध्याकाळी बूट पुसून लख्ख करून दाराशी ठेवायचा, रात्री सेंट निकोलस त्यात संत्रं, अक्रोड, चॉकलेट टाकून जातो, ६ ला सकाळी पोरं तोंड न धुता दाराकडं पळतात. हा नाताळचा सांताक्लॉज नव्हे बरं का, सांताचं नाव याच्यावरनं पडलं. हा चौथ्या शतकातला बिशप, मायरा गावचा, म्हणजे आत्ताच्या तुर्कस्तानातलं डेमरे.

इथं कोल्हापुरात परत आल्यावर पहिल्याच वर्षी फजिती. शाळेचे बूट धुवून वाळत टाकलेले, मग उरल्या पापाच्या तिकटीवरनं घेतलेल्या चपला. धाकटा (वय ४) म्हणे मी माझी कोल्हापुरीच ठेवणार, करकर वाजती, संताला लगेच कळंल. मोठी म्हणाली, घातल्याशिवाय वाजती होय येड्या? झाली मारामारी. बरं चपलेत मावणार काय, रात्री मी ठेवलेलं संत्रं घरंगळून जिन्यावरनं थेट खालच्या काकूंच्या दारात, सकाळी काकू ते हातात घेऊन वर आल्या, "तुमचं हाय काय हे?" धाकट्यानं ठरवूनच टाकलं की संत काकूंच्यात राहतो.

गोष्ट सांगताना मात्र मीच अडकले. एका गरीब बापाच्या तीन पोरी, हुंड्याला पैसे नाहीत म्हणून लग्नं अडलेली, निकोलस रात्री गुपचूप खिडकीतनं सोन्याच्या थैल्या टाकतो. संत्रं म्हणजे तेच सोनं. मोठीनं विचारलं हुंडा म्हणजे काय. सांगितलं. तर म्हणाली, मग सोनं स्वतःलाच ठेवायचं की, द्यायचं कशाला त्या लोकांना? मी म्हटलं झोप आता. खरं तर बिनतोड बोलली पोरगी.

तुमच्यात काय करता? कुठलाही संत चालंल.

कॉलनीतला भाऊ

बूट दाराबाहेर अजिबात ठेवू नका. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यानं डाव्या पायाचा पळवला, चॉकलेटसकट. उजवा अजून कपाटात हाय.

दोन पोरींचा बाप

आमचं वेगळंच त्रांगडं. आम्ही ख्रिस्ती, पण आजोबांच्या वेळेपासनं घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि ६ डिसेंबर म्हणजे महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी सकाळी उठून चॉकलेट खात उड्या मारायच्या हे मला काय पटेना, बायको म्हणाली पोरींना वर्गातनं कळलंय, आता नाही म्हटलं तर रडतील. दोन दिवस घरात धुसफूस. शेवटी असं बसवलं की बुटाचं कौतुक ५ च्या रात्रीचं, सकाळी संत्रं हातात घ्यायचं, आवाज नाही, पांढरे कपडे घालायचे आणि बिंदू चौक. तिथला बाबासाहेबांचा पुतळा १९५० चा, म्हणजे ते हयात असतानाच बसवलेला, हे मोठीला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, मग त्यांनी तो बघितला का? गर्दीत धाकटी खाली बसून खिशातलं संत्रं सोलायला लागली, मी रागवणार तेवढ्यात शेजारच्या पांढऱ्या साडीतल्या बाईंनी सालीसाठी आपली पिशवी पुढं केली. दोन फोडी त्यांनाही मिळाल्या.

आजरेकर, सध्या उचगाव

आम्ही कॅथलिक, घरात कोकणी. आमच्यात निकोलस नाही, ३ डिसेंबर, सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (सण), त्यालाच गोंयचो सायब म्हणतात. आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. पप्पा तरुणपणी आजऱ्यातनं ओल्ड गोव्याला चालत गेलेत, आम्ही आपले आंबोलीमार्गे गाडीनं, त्यात पण पोरगं दोनदा ओकलं.

२०२४ ला सायबाचं शवप्रदर्शन होतं, दर दहा वर्षांनी असतं, ओल्ड गोव्यातल्याच बॉम जेझू बॅसिलिका ह्या चर्चमधनं शव से कॅथेड्रल ह्या दुसऱ्या चर्चमध्ये आणतात. पोरगं पाच वर्षांचं, न्यावं का नको यावर घरात दोन पार्ट्या. माझा अनुभव, न्या, पण आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितलं की हा माणूस १५५२ ला चीनजवळच्या एका बेटावर वारला आणि बोटीनं इथं आणला, त्यामुळं घाबरायचं सोडून त्याला बोटीचीच पडलेली. रांगेत उन्हात वैताग आला, पाणी नि टोपी विसरू नका. काचेपाशी पोचलो तेव्हा मोठ्यानं म्हणाला, ह्याचे बूट कुठायत? मागची सगळी रांग हसली.

नागाळा पार्कातली आजी

आमच्या लहानपणी संतांचे दिवस नव्हतेच. १८५२ ला वाइल्डर साहेबांनी इथं मिशन सुरू केलं, पुढं ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाचं झालं, त्यातले आम्ही. पौल बायबलातल्या पत्रांत पवित्र जन म्हणतो ते सगळ्याच विश्वासणाऱ्यांना, तेव्हा ह्याचा वार त्याचा वार कशाला, असं मी सुनेला स्पष्ट सांगितलं होतं. मग ५ तारखेला नातवानं बूट पुसून माझ्याच खाटेखाली ठेवला, "आजी, तू लवकर उठतीस, आला तर बघ." आता काय करणार? पहाटे उठले, घरात चॉकलेट कुठलं, पण गुऱ्हाळं चालू, डब्यात नवा गूळ होता. सोन्यासारखाच दिसतो की. चांगला मोठा खडा ठेवला नि परत पडले. तासाभरानं बघते तर बूट मुंग्यांनी काळा. नातू शाळेला चपलेवर गेला, वर बाईंना सांगितलं निकोलसनं मुंग्या आणल्या.

शाहूपुरीतली आई

आजी 😂 गूळ बटरपेपरात गुंडाळा यंदा. आणि मला आत्ता सुचलं, पावसाळ्यातले गमबूट माळ्यावर पडलेत की, ते उंच असतात, संत्रं बाहेर पडायचं नाही. रविवारी काढते. आतनं पाल निघाली नाही म्हणजे झालं.