'डोनर कार'ला मराठीत काय म्हणावं?

फियाटवेडा: वडिलांची १९६६ची फियाट ११०० डिलाइट परत रस्त्यावर आणायची आहे. तिच्यासाठी १९८८ची प्रीमियर पद्मिनी घेतली, निव्वळ पार्ट काढायला. दोघींचं इंजिन १०८९ सीसीचं, बांधाही एकच, त्यामुळे बरंच काही बसतं. पुढची जाळी तेवढी वेगळी. अडलंय ते शब्दावर. इंग्रजीत हिला डोनर म्हणतात. मी घरी 'दाता गाडी' म्हणालो तर आई हसत सुटली. तुम्ही काय म्हणाल?

गॅरेजवाला: आम्ही 'पार्टाची गाडी' म्हणतो. काम संपलं की 'दोनाची एक केली'. दान कसलं, रोख मोजून आणलेली असते.

सराफकट्टा: आमच्या धंद्यात हा शब्द कधीचाच आहे: मोड. आजीच्या पाटल्या मोडून आईच्या बांगड्या होतात, त्यात कुणाला काही मोडल्याचं दुःख नसतं. नोट मोडतो, मुदतठेव मोडतो, तसंच. 'मोडीची गाडी' म्हणा.

फियाटवेडा: छान आहे, पण मोड आटवतात हो. पाटली पाटली उरत नाही. इथे पद्मिनीचं दार दारच राहणार. शिवाय 'मोडीत काढली' म्हटलं की मला थेट कुर्ल्याचा भंगार बाजार दिसतो. (प्रीमियरचा कारखानाही कुर्ल्यातच होता. जिथे जोडली तिथेच सुटी झाली, अशाही पद्मिन्या असणार.)

वाड्यातली: मग 'उतरवणे' घ्या. आमच्याकडे वाडा पाडला आणि वाडा उतरवला यांत फार फरक आहे. पाडायला दोन दिवस पुरतात. उतरवताना आधी कौलं, मग वासे, तुळया, शेवटी खांब. प्रत्येकावर खडूची खूण, कारण ते दुसरीकडे चढवायचे असतात. आमच्या ओसरीचे दोन खांब आज मामांच्या शेतघरात उभे आहेत.

गॅरेजवाला: ताई, हे पटलं. आम्हीही इंजिन 'उतरवतो'च. आणि खूण लागतेच. दाराचे बिजागर, स्क्रू, कुलपाची कळ एका पिशवीत, वर मार्करने 'डावं पुढचं'. ही पिशवी हरवली की आठवडा गेला. छिन्नी घालून घाईत काढली तर तिला 'फोडली' म्हणतात, आणि फोडलेल्या गाडीचा पत्रा कुणी घेत नाही.

कागदपत्रे: नावाआधी कागद बघा. गाडी कायमची वापरातून गेली की मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं, मोटार वाहन कायदा, कलम ५५. मग नोंदणी रद्द होते. आमच्या भाषेत गाडी 'निकामी'.

बखरवाचक: तुमच्याकडे निकामी, आमच्याकडे नेमकं उलटं! 'कामी येणे'चे दोन अर्थ बघा. छत्री पावसात कामी येते, आणि पानिपतावर विश्वासराव कामी आले. उपयोगी पडणं आणि रणात पडणं, दोन्ही एकाच क्रियापदात. तुमची पद्मिनी डिलाइटच्या कामी आली, एवढंच म्हणा. 'बळी दिला' वगैरे नको, फार नाटकी होतं. आधी 'प्रेसिडेंट' म्हणून विकली जाणारी ही गाडी १९७४मध्ये चितोडच्या राणीचं नाव घेऊन आली, तिला तर हे शोभतंच.

फियाटवेडा: वा! पण हे क्रियापद झालं. अंगणातल्या गाडीकडे बोट दाखवून काय म्हणू? अजून तर ती कामी आलेली नाही, तिच्या टपावर मांजर झोपलंय.

गॅरेजवाला: पार्टाची गाडी.

वाड्यातली: उतरवायची गाडी.

सराफकट्टा: मी मोडीचीच म्हणणार.

काळीपिवळी: शब्दाचं ठरेल तेव्हा ठरेल. पुढच्या उजव्या दाराची तिकोनी काच शाबूत आहे का? तुमची चांगली असेल तर ही मला हवी आहे.