मदत हवी आहे: जांबुघोडा-चांपानेरकडे जुन्या वास्तूत शांत मुक्काम

नमस्कार मंडळी. आम्ही दांडिया बाजारचे. सासूबाईंना घेऊन दोन रात्री बडोद्याबाहेर राहायचं आहे. रिसॉर्ट नको, एखादी नीट डागडुजी केलेली जुनी हवेली किंवा बंगला, तोही लहान गावात.

जांबुघोडा डोक्यात आहे, अभयारण्य लागूनच. चांपानेरही चालेल. २००४पासून जागतिक वारसा यादीत आहे, जामी मशिदीचं कोरीवकाम सावकाश बघता येईल. पण पावागडच्या पायथ्याशी रविवारी माताजींच्या दर्शनाची गर्दी, तिथे शांतता कसली!

खरी अडचण सासूबाईंच्या गुडघ्यांची. जुन्या घरांचे उंबरे उंच, जिने उभे, आणि न्हाणीघर बरेचदा मागाहून जोडलेलं. तळमजल्यावर खोली, कमोड आणि गरम पाणी कुठे मिळेल? संध्याकाळी साधा वरणभात करून देतील का? (रोज पनीर नको हो.)

अशा वास्तू लग्नांनाही देतात, म्हणून डीजेची धास्ती. कमुरत्यात (आपला धनुर्मास), म्हणजे साधारण १६ डिसेंबरनंतर महिनाभर, लग्नं नसतात. तेव्हा जावं म्हणते. पण नाताळच्या सुट्टीत भाडं फार चढतं का?

स्वतः राहून आलेल्यांनीच सांगा, प्लीज. फोटो आम्हीही पाहिलेत.