विषय: सवाईची तिकिटं – बैठक की खुर्ची? लवकर कळवा

प्रेषक: हॅरोची ताई (सध्या मुक्काम सहकारनगर, पुणे)

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाची विक्री सुरू झाली की त्याच दिवशी तिकिटं काढायची आहेत आणि घरात एकमत होत नाहीये. बाबांना भारतीय बैठकच, म्हणजे जमिनीवरची जागाच हवी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं, तिला मांडी घालून बसता येत नाही. लेक चार वर्षांची. नवरा सवाईला पहिल्यांदाच येणार. कलाकारांची यादी अजून यायची आहे, पण बाबांचा गायक व्यंकटेशकुमारांच्या नावाचा जप दिवाळीपासून चालू आहे. ते असले तर त्या दिवशी पाचही जणांनी शेजारी बसून ऐकायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलंय. बाबा ७८ वर्षांचे आहेत आणि पुढच्या डिसेंबरात मला येता येईलच असं नाही. त्यामुळे एकत्र बसणं हाच मुद्दा आहे, पैशांचा प्रश्न नाही.

सगळ्यांच्या खुर्च्या काढू, की बैठक काढून आईची काही सोय होते? आणि सीझन तिकीट (सगळ्या दिवसांचं) घ्यावं की एका दिवसाचं? अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा.

---

प्रेषक: स्लाउचे काका

ताई, सरळ पाच खुर्च्या काढ. ७८व्या वर्षी सहा-सात तास जमिनीवर बसायचं म्हणजे काय? वडिलांना सांग, गाणं तेच ऐकू येतं. माझ्या मोठ्या भावाने असाच हट्ट केला होता, दुसऱ्या दिवशी कंबर धरली आणि उरलेला महोत्सव घरी गेला. सीझन तिकीट मात्र नक्की घे. एका गायकासाठी जावं आणि ज्याचं नावही ऐकलं नव्हतं असा कुणी मनात घर करून बसावा, हे सवाईतच होतं.

---

प्रेषक: कोथरूडला परतलेले दादा

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण 'गाणं तेच ऐकू येतं' हे मला पटत नाही. बैठकीत माणूस नुसता ऐकत नाही, शेजारच्याबरोबर ऐकतो. समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आजूबाजूच्या दहा माना एकदम हलतात, कुणी अनोळखी माणूस गाण्यातल्या एखाद्या जागेवर तुमच्याकडे बघतो आणि दोघांना एकच गोष्ट कळलेली असते. खुर्चीत प्रत्येक जण आपापल्या हद्दीत असतो. महोत्सव रमणबागेत व्हायचा तेव्हाच्या रात्री ताईच्या वडिलांनी काढलेल्या असणार. त्या पिढीला बैठक म्हणजे काय ते समजावून सांगायला नको.

तेव्हा रात्रभर गाणं चालायचं. आम्ही कॉलेजची पोरं घोंगडी आणि थर्मास घेऊन जायचो. पहाटेच्या गारठ्यात अण्णा, म्हणजे पंडित भीमसेन जोशी, मंचावर यायचे तेव्हा झोपलेली माणसंसुद्धा उठून बसायची. भीमसेनजींनी १९५३मध्ये गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी हा उत्सव सुरू केला. गुरू आदल्याच वर्षी गेले होते. पुढे शेवटचं गाणं अण्णांचं हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याआधी घरी जायचा विचारसुद्धा मनात येत नसे.

ताई, एक गोष्ट बाबांना सांग, त्यांना आवडेल. व्यंकटेशकुमारांचा जन्मही १९५३चाच. महोत्सव आणि ते एकाच वयाचे.

---

प्रेषक: सचिव, सांस्कृतिक समिती

सर्वांना नमस्कार. डिसेंबरात पुण्यात असणाऱ्या सभासदांची तिकिटं समितीमार्फत एकत्र काढायची, असं सप्टेंबरच्या सभेत ठरलं होतं. त्यासाठी पुण्यात कोण धावपळ करणार तेही ठरलंय. प्रत्येकाने स्वतंत्र काढली तर सगळे विखुरले जातील आणि आपल्या मंडळाने एकत्र बसायचं ठरवण्याला अर्थ राहणार नाही. कृपया रविवारपर्यंत माझ्याकडे नावं द्या. बैठक की खुर्ची तेही लिहा.

---

प्रेषक: रेडिंगच्या वहिनी

मला तिकिटांपेक्षा चार वर्षांच्या मुलीची काळजी वाटते. रागावू नकोस ताई, पण विलंबित ख्यालात, गायक एकेका स्वरावर थांबून आलाप करत असताना मागे एखादं मूल 'आई, घरी चल' म्हणून रडू लागलं तर आजूबाजूच्या पन्नास माणसांची ती पंधरा मिनिटं जातात. ती माणसं वर्षभर वाट पाहून आलेली असतात. मीही आई आहे. माझी दोन्ही मुलं आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत मी त्यांना आजीकडे ठेवूनच गेले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. गाण्याचा मान राखणं हेही त्यांना तसंच कळलं.

---

प्रेषक: हॅरोची ताई

वहिनी, रागावले नाही. पण आजी माझ्याबरोबरच येणार आहे, मग ठेवू कुणाकडे? आणि लेकीला मुद्दाम न्यायचंय. बाबा रोज सकाळी तिला तानपुऱ्याचं ॲप लावून देतात आणि ती शेजारी बसून 'सा' धरते. घरात ऐकलेला तो आवाज खऱ्या चार तारांतून, समोर बसलेल्या माणसाच्या मागून कसा उमटतो, हे तिने एकदा बघावं असं मला वाटतं. ती रडेपर्यंत मी तिला मांडवात बसवून ठेवणार नाही, हा शब्द देते.

सचिवसाहेब, सप्टेंबरच्या सभेला मी नव्हते. नावं देईन, पण आईच्या जागेचा प्रश्न सुटल्यावर.

---

प्रेषक: बिबवेवाडीची मावशी

अगं ताई, मी दरवर्षी जाते आणि मुकुंदनगर माझ्या घरापासून जवळ, म्हणून सांगते. महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर आल्यापासून, म्हणजे २०१८पासून, जागा ऐसपैस झाली आहे. खुर्च्यांचा विभाग वेगळा आणि बैठकीचा वेगळा, दोन्हींची तिकिटं वेगळी. त्यामुळे 'बैठकीच्या तिकिटावर आईला खुर्ची' यावर विसंबू नकोस. बैठकीत काही जण पाठ टेकायची घडीची बैठी खुर्ची आणतात, पण नव्या गुडघ्याला ती उपयोगाची नाही. खाली बसणं आणि उठणं हाच तर त्रास असतो.

मी असं करेन. तुमच्या आईसाठी आणि आणखी एकासाठी सीझनच्या दोन खुर्च्या. बाबांसाठी आणि जावईबापूंसाठी बैठक. जावयाला सासऱ्यांशेजारी बसव, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जाणत्या माणसाची सोबत लागते. तू आणि लेक दुसऱ्या खुर्चीवर, ती मांडीवर बसेल. पाच जण एका ओळीत बसणार नाहीत हे खरं. पण दोन कलाकारांच्या मध्ये वाद्यं लावायला वेळ जातो, तेव्हा सगळे बाहेर खाण्याच्या स्टॉलपाशी भेटता. कोण कसं गायलं यावरचं भांडण तिथेच होतं आणि मला विचारशील तर निम्मा सवाई तोच असतो.

मुलीसाठी दुपारचं सत्र बरं. उजेड असतो, गर्दी कमी असते, नव्या दमाचे कलाकार असतात. भीमपलास, मुलतानी, पटदीप असे राग तिथे निवांत ऐकायला मिळतात, एरवी संध्याकाळच्या मैफलींत ते येत नाहीत. आत जायचं ते गाणं सुरू व्हायच्या आधी, बाहेर पडायचं ते एक बंदिश संपून टाळ्या पडतात तेव्हा. मधे उठायचं नाही. व्यंकटेशकुमारांच्या वेळी तिला झोप आली तर शालीत गुंडाळून झोपू दे. ते शेवटी कन्नड वचन किंवा दासरपद, म्हणजे भक्तिपद, गायले तर उठव. लहान मुलं त्या लयीला लगेच धरतात.

आणि स्वेटर, कानटोपी, शाल. मैदानात संध्याकाळी सातनंतर गारठा वाढतो.

---

प्रेषक: स्लाउचे काका

मावशींचं पटलं. पण दुपारच्या रागांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. दुपारचे राग मिळाले हे खरं, पण रात्रीचे दरबारी, मालकंस, अडाणा आणि पहाटेचा ललत, तोडी गेले त्याचं काय? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायला लावले. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत परवानगी देतं, त्यातला एखादा सवाईला मिळतो. रागाची वेळ पाळणाऱ्या गायकाला दहाच्या आत दरबारी गाताना किती अवघड होत असेल. एका अख्ख्या पिढीने मैफलीत समोर बसून ललत ऐकलेलाच नाही.

---

प्रेषक: कोथरूडला परतलेले दादा

काका, इथे मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मात्र पुण्यात आता दिवाळी पहाट आणि सकाळच्या मैफली पुष्कळ होतात, ललत आणि तोडी तिथे ऐकायला मिळतात. हरवला आहे तो रात्री एकनंतरचा मालकंस. ताईच्या वडिलांनी तो ऐकलेला असणार, त्यांच्याकडून लिहून घ्या कुणीतरी.

आणि व्यंकटेशकुमारांबद्दल आणखी थोडं, कारण नव्या सभासदांना माहीत नसेल. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात, पुट्टराज गवईंकडे ते लहानपणापासून राहून शिकले. पुट्टराज स्वतः अंध होते आणि आश्रमात अंध, गरीब मुलांना गाणं शिकवलं जातं. तिथे रियाज हा तास लावून करायचा प्रकार नव्हता, दिवसभराचं जगणंच तसं होतं. २०१६मध्ये पद्मश्री मिळाली तोपर्यंत धारवाड-हुबळीकडच्या रसिकांना त्यांचा मोठेपणा कधीच कळून चुकला होता. आवाजात ग्वाल्हेर घराण्याची ताकद आणि किराणा घराण्याचा स्वर दोन्ही आहेत. ताईच्या नवऱ्याने आधी काहीही वाचून येऊ नये, नुसतं समोर बसावं.

---

प्रेषक: हॅरोची ताई

मावशी, तुमचा मेल बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. जावई शेजारी बसणार म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. आई म्हणाली, "मला खुर्ची आणि नात मिळाली, बास." तर ठरलं: सीझनच्या दोन खुर्च्या, दोन बैठकी. शेवटच्या दिवशी सगळे थांबणार, कारण समारोपाला सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची ध्वनिमुद्रिका लावतात ती ऐकल्याशिवाय बाबा उठणार नाहीत.

दादा, तुमचा १९५३चा योगायोग ऐकून बाबांनी डायरीत लिहून ठेवला. मालकंसाबद्दल विचारलं तर पाऊण तास बोलले, मी फोनवर रेकॉर्ड केलंय. कुणाला हवं असेल तर पाठवते.

सचिवसाहेब, नावं वेगळ्या मेलने पाठवली आहेत. बैठकीची दोन तिकिटं आपल्या मंडळाच्या माणसांजवळ असावीत एवढीच विनंती, म्हणजे बाबांना ओळखीची सोबत मिळेल.

---

प्रेषक: सचिव, सांस्कृतिक समिती

नावं मिळाली, आभारी आहे. ज्यांनी परस्पर काढायचं ठरवलं आहे त्यांनीही कृपया कळवावं, म्हणजे यादी पूर्ण होईल. रेकॉर्डिंग मलाही पाठवा.

---

प्रेषक: रेडिंगच्या वहिनी

ताई, मी शनिवारी खुर्च्यांतच असेन. लेकीला बाहेर न्यावं लागलं तर मला खूण कर, मी नेते. तू गाणं सोडू नकोस. सकाळी शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात माहितीपट आणि कलाकारांच्या मुलाखती असतात, तिथे आईंना घेऊन ये, सावकाश ऐकता येतं.

---

प्रेषक: बिबवेवाडीची मावशी

स्मारकावरून दुपारी मुकुंदनगरला यायला मेट्रो बरी. शिवाजीनगरहून थेट स्वारगेटला उतरायचं, पुढे रिक्षा. आईंसाठी लिफ्ट आहे. परतताना मात्र मेट्रोवर अवलंबून राहू नका, शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा आणि रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा. माझ्या ओळखीचा एक आहे, नंबर फोनवर देते.